डोंगराचा हिशेब गावापुढे मांडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरडोई उत्पन्नात गोवा देशातल्या पहिल्या काही राज्यांत आहे, याचा मलाही अभिमान आहे. पण डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर तो आकडा पोचलेला दिसत नाही. लोहखनिजाच्या खाणीची माती पावसात वाहून आमच्या शेतात आली, ओहोळ बुजला, विहीर एप्रिलातच तळ दाखवू लागली. भरपाईचे थोडे पैसे मिळाले. डोंगरातून किती माल गेला आणि त्यातले सरकारच्या तिजोरीत किती आले, हे मात्र आम्हांला कधी कोणी सांगितले नाही.

संस्था, म्हणजे कायदे आणि कारभाराच्या रीती, आणि समृद्धी यांचे नाते उलगडल्याबद्दल 2024 साली असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ते वाचताना मला आफ्रिकेतला बोट्सवाना आठवला. 1966 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या अतिगरीब देशांत होता. पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले, तेही राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीच्या मुलुखात. तरीही खनिजावरचा हक्क जमातींकडून देशाकडे आला, तो त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे हिऱ्यांच्या कंपनीत सरकारने निम्मा वाटा घेतला, आणि त्या पैशातून रस्ते, शाळा, दवाखाने झाले. गावच्या बैठकीत, त्यांच्या ‘खोट्ला’त, कोणीही उठून प्रमुखाला जाब विचारायचा, ही तिथली जुनी रीत. बेरोजगारी आणि विषमता तिथेही आहे. पण 2024 मध्ये 58 वर्षे सत्तेवर असलेला पक्ष हरला आणि शांतपणे पायउतार झाला. हिरे आफ्रिकेतल्याच सिएरा लिओनमध्येही होते. तिथे 1991 ते 2002 यादवी पेटली आणि हिऱ्यांच्या पैशातून बंदुका आल्या.

आमच्याकडे काय झाले? पोर्तुगीजांनी दिलेल्या खाण सवलतींचे, म्हणजे खाणी चालवण्याच्या हक्कांचे, 1987 च्या कायद्याने लीजमध्ये (मुदतीच्या भाडेपट्ट्यात) रूपांतर झाले. त्या लीजची मुदत 22 नोव्हेंबर 2007 लाच संपली होती, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले. म्हणजे 2012 मध्ये खाणी बंद होईपर्यंत जवळजवळ पाच वर्षे हक्क नसताना डोंगर उपसला गेला आणि कोणी हात धरला नाही. नंतर नूतनीकरण केलेली 88 लीजही 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. भुर्दंड बसला तो ट्रकवाल्यांना, बार्जवाल्यांना आणि रोजंदारीवरच्या माणसांना. वेळच्या वेळी कायदा पाळला असता तर त्यांच्या चुली विझल्या नसत्या, असे मला मनापासून वाटते.

हिशेब ठेवणे गोव्याला नवे नाही. गावकारी, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणारी जुनी संस्था, शेतांची पावणी (लिलाव) करून त्या पैशातून बांध आणि देवळे सांभाळत असे, उरलेले वाटून देत असे. त्या सभेत बायकांना आणि कुळांना जागा नव्हती, हा तिचा मोठा दोष. आज ग्रामसभेत सगळ्यांना जागा आहे, पण तिच्यापुढे खाणीची वही येत नाही.

लोहखनिजाच्या विक्रीतले दहा टक्के कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश त्याच 2014 च्या निकालात आहे. पुढच्या पिढीची ती ठेव आहे. आता लिलावाने नवी लीज दिली जात आहेत. माझी मागणी एवढीच: या निधीचा, खाणग्रस्त भागासाठी असलेल्या जिल्हा खनिज निधीचा आणि प्रत्येक लीजमधून निघालेल्या टनांचा हिशेब दर वर्षी खाणपट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामसभेत मराठी-कोकणीतून वाचून दाखवावा. आणि तो जमत नसेल तर त्या वर्षी त्या खाणीचा ट्रक गावातून सोडू नये.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, डिचोली