दरखास्त कुठे लावणार?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परदेशी गुंतवणूकदार आणि सरकार यांच्यातल्या लवादांवरचं तुझं टिपण वाचलं. इक्सिड (जागतिक बँकेचं गुंतवणूक-तंट्यांचं केंद्र) आणि अनसिट्रल (संयुक्त राष्ट्रांचा व्यापार-कायदा आयोग) यांच्या नियमांची तुलना नेमकी केली आहेस. पण बरीचशी पानं खर्च आणि लवादांच्या नेमणुकीवर गेली. मी दिवाणी वकील, मला आधी वेगळंच सुचतं: निवाडा हाती आल्यावर दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, कुठे लावायची?

इक्सिडचा निवाडा कुठल्याच देशाचं न्यायालय तपासत नाही. तो रद्द करायचा तर इक्सिडचीच समिती, तीही मोजक्या कारणांसाठी. पण इक्सिड ज्या 1965च्या करारातून उभं राहिलं, त्यात भारत नाही. म्हणजे भारताविरुद्ध तुझ्या अशिलापुढे बहुधा अनसिट्रलचेच नियम उरतात. तिथे लवादाचं स्थान कोणतं, यावर सगळं अवलंबून असतं, कारण आव्हान तिथल्याच न्यायालयात जातं. केर्न या ब्रिटिश तेल कंपनीच्या करविषयक प्रकरणात ते स्थान हेग होतं, म्हणून आपल्या सरकारला डच न्यायालय गाठावं लागलं. 1.2 अब्ज डॉलरच्या त्या निवाड्यासाठी केर्नने पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर टाच आणवली. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट 2021 मध्ये, संसदेने पूर्वलक्षी, म्हणजे जुन्या व्यवहारांवर मागाहून लावलेल्या, कराची तरतूद मागे घेतली. भारतातल्या मालमत्तेवर मात्र भिस्त ठेवू नकोस. गुंतवणूक करारावरचे लवाद आपल्या 1996च्या लवाद कायद्यात बसत नाहीत, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2019 मध्ये खैतान प्रकरणात म्हटलं आहे.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. दाभोळचा वीजप्रकल्प बंद पडल्यावर त्यातल्या बेक्टेल आणि जीई या अमेरिकी कंपन्या मॉरिशसच्या कंपन्यांमार्फत भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराखाली लवादात गेल्या. 2005 मध्ये तडजोड झाली. अंजनवेल-वेलदूरच्या ज्या लोकांनी प्रकल्पाविरुद्ध मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, त्यांना त्या दाव्यात जागाच नव्हती. अनसिट्रलच्या 1976च्या नियमांत दोन्ही पक्षांनी वेगळं ठरवलं नाही तर सुनावणी बंद दाराआडच. पैसा जनतेचा, आणि जनतेला कागदही दिसू नये, हे मला आजही पटत नाही.

2014 पासून अनसिट्रलचे पारदर्शकतेचे नियम आहेत. त्याआधीच्या करारांना ते आपोआप लागत नाहीत, संमती लागते. तुझ्या टिपणात ते तळटीपेत आहेत. वर आण, आणि संमती द्यावी असं अशिलाला स्पष्ट सुचव. कुरकुर होईल. तरी सुचव.

सुधारलेला मसुदा पाठव, रविवारी निवांत वाचते.

तुझी,
आई