बाई, हे पत्र निकालाच्या आधीच

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

लेकीने अमेरिकेतल्या येल विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज केलाय, त्याचा निकाल अजून लागलेला नाही. डिसेंबरच्या मध्याला लागेल, तिकडे संध्याकाळ असेल तेव्हा आपल्याकडे पहाट झालेली असेल, एवढंच ठाऊक आहे. हे पत्र मी मुद्दाम त्याआधी लिहितेय. नंतर लिहिलं आणि प्रवेश मिळालेला असला, तर लोकांना वाटेल प्रवेशाचे आभार मानतेय. नाही मिळाला, तर तुम्हीच आमची समजूत घालत बसाल आणि आभार राहून जातील. तुम्ही वर्षभर जे केलंत त्याला निकालाची गरज नाही. आणि हे चारचौघांत लिहितेय, कारण आपल्या भागातल्या इतर आईबापांनाही कळावं की साध्या ज्युनिअर कॉलेजातली एक गणिताची बाई मनात आणलं तर काय करू शकते.

लेकीने अकरावीत पहिल्यांदा हा विषय काढला, तेव्हा आम्ही दोघंही गप्प झालो. हे मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. अमेरिकेतलं शिक्षण म्हणजे कुणा कारखानदाराच्या मुलांचं काम, असंच डोक्यात. पुण्यातल्या एका सल्लागाराकडे फोन केला, तर त्यांनी लाखांत आकडा सांगितला आणि वर म्हणाले, निबंधाची काळजी करू नका, तो आम्हीच लिहून देतो. मी तुम्हाला ते सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या चिडलात की मला वाटलं माझ्यावरच चिडलात. "एक पैसा द्यायचा नाही. सगळी माहिती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. आपण बसून वाचू." आणि खरंच बसलात. रविवार दुपारी, आमच्या पुढच्या खोलीत, शब्द अडला की थांबत.

'अर्ली' म्हणजे सगळीकडे एकच नसतं, हे तेव्हा कळलं. काही विद्यापीठांत अर्ली डिसिजन असतं, त्यात प्रवेश मिळाला तर येणारच असं मुलाने, पालकाने आणि शाळेने आधीच सही करून द्यायचं. येलचं तसं नाही. १ नोव्हेंबरपर्यंत अर्ज करायचा, त्या वेळी दुसऱ्या कुठल्या खासगी अमेरिकी विद्यापीठात अर्ली अर्ज करायचा नाही. पण प्रवेश मिळाला तरी बांधिलकी नाही, १ मेपर्यंत विचार करून कळवायचं. तुम्ही ह्यांना समोर बसवून म्हणालात, "भाऊ, आपल्यासारख्यांनी आर्थिक मदतीचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय सही करायची नाही." येल परदेशी मुलांच्या बाबतीतही घरची ऐपत न बघता प्रवेश ठरवतं आणि प्रवेश दिला की लागेल तेवढी पूर्ण मदत देतं, हे तुम्ही वाचून दाखवलंत, तेव्हा ह्यांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मला तो क्षण अजून दिसतो.

मग कागद. अमेरिकेतल्या शाळांत या कामाला स्वतंत्र काउन्सिलर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाचं बघणारा माणूस असतो. आपल्याकडे कुठला? कॉमन ॲपमध्ये, म्हणजे तिकडच्या अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, काउन्सिलरच्या जागी तुम्ही स्वतःचं नाव घातलंत आणि त्या नावाबरोबर आलेलं सगळं काम अंगावर घेतलंत. नववीपासूनचे गुण एका कागदावर हवेत. नववी दुसऱ्या शाळेत, ते रजिस्टर तुम्ही जाऊन काढवलंत. शाळेची ओळख करून देणारं पान हवं, ते आपल्या कॉलेजात कुणी कधी लिहिलंच नव्हतं. बोर्ड म्हणजे काय, बारावीला टक्के कसे पडतात, आमच्याकडे तिकडच्यासारखे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटचे, म्हणजे शाळेतच कॉलेजच्या पातळीचे कोर्स नसतात, मुली किती आणि त्यातल्या किती गावांहून एसटीने येतात, हे सगळं तुम्ही एका पानात बसवलंत. अर्जाची ऐंशी डॉलर फी माफ व्हावी म्हणूनही तुम्हीच लिहिलंत.

आणि हे सगळं ऐन दिवाळीच्या सुट्टीत. ऑफिसला कुलूप. तुम्ही क्लार्क भाऊंना माधवनगरहून बोलावून घेतलंत, ते फराळाचा डबा हातात घेऊनच आले. मी दारात उभी होते. जावक क्रमांक टाकला, गोल शिक्का मारला, पण शाई वाळलेली, अक्षरं उमटेनात. भाऊ म्हणाले, चालतंय की. तुम्ही म्हणालात, नाही चालत. पॅडवर नवी शाई ओतली, कोऱ्या कागदावर चार ठसे घेऊन बघितले, कॉलेजचं नाव कडेपर्यंत वाचता आलं तेव्हाच गुणपत्रकावर शिक्का मारू दिलात. नंतर खिडकीशी उजेडात धरून मोबाइलवर स्कॅन केलं, सावली पडली म्हणून परत केलं. दुसऱ्याच्या लेकीसाठी असं कोण करतं, बाई?

भौतिकशास्त्राच्या सरांना आणि इंग्रजीच्या मॅडमना शिफारसपत्रासाठी तुम्हीच गाठलंत. 'आज्ञाधारक, मेहनती, वर्तणूक चांगली' असं चारित्र्याच्या दाखल्यासारखं लिहू नका, मुलीने वर्गात काय विचारलं ते लिहा, असं सांगितलंत. तुमचं स्वतःचं पत्र आम्ही वाचलेलं नाही. ते वाचायचा हक्क सोडल्याची खूण अर्जातच करायची असते आणि का, तेही तुम्ही समजावलंत. पण ते लिहिण्याआधी तुम्ही मला विचारलंत, "कुणी सांगितलेलं नसताना ती घरात काय करते?" मी वही काढून दिली.

त्या वहीबद्दल लिहायलाच हवं. २०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा ती सहावीत होती. त्या दिवसांत सांगलीत जो भेटेल तो एकच विचारायचा, "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्या वर गेलं. आम्ही नातेवाइकांकडे वरच्या मजल्यावर होतो आणि ही पोर रेडिओवर, फोनवर ऐकलेला प्रत्येक आकडा वेळ घालून लिहीत होती. एका रकान्यात आयर्विन पुलाची पातळी, दुसऱ्यात कोयनेतून किती क्युसेक सोडलं. पूर ओसरला तरी वही बंद झाली नाही, दर पावसाळ्यात पुढे चालूच. तिथलं पाणी इथे पोचायला किती तास लागतात, हे ती स्वतःच्या आकड्यांवरून काढत होती. मला वाटायचं, नाद आहे पोरीला. तुम्ही ती वही मांडीवर घेऊन शेवटच्या पानापर्यंत बघितलीत आणि तिला संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांबद्दल सांगितलंत. १९२२ मध्ये उत्तर बंगालात पूर आला तेव्हा त्यांनी पावसाचे आणि पाण्याचे जुने आकडे घेऊन अभ्यास केला, नंतर ओडिशाच्या पुरांचाही केला, आणि पुढे १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था काढली. लेक त्या रात्री झोपली नाही. पुराने काय काय नेलं त्यावर ती निबंध लिहायला बसली होती. त्याऐवजी तुम्ही तिला साडेसहाशे शब्दांत त्या वहीबद्दल लिहायला सांगितलंत. शब्द मात्र एकही तुमचा घातला नाहीत. "हे वाक्य मला कळलं नाही" एवढंच म्हणायचात.

आता ही वाट बघणं. बाहेरून दिसत नाही, पण घरात जेवणाच्या ताटापासून सगळ्यावर त्याचं सावट आहे. ती मेल उघडते, मिटते. पोर्टलवर जाऊन कागद पोचल्याची हिरवी खूण परत परत बघते. इन्स्टाग्रामवर जगभरातली पोरं आपापले गुण आणि पदकं टाकतात, ती वाचून आणखी खचते. त्यात पूर्वपरीक्षा तोंडावर, जानेवारीत जेईई, फेब्रुवारीत बोर्ड. माझा जीव वरखाली होतो, पण तिच्यासमोर दाखवायचं नाही हे तुमच्याकडून शिकले.

तिला 'होईल गं सगळं चांगलं' असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, याबद्दल मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. आम्ही सगळे तेच म्हणत होतो, आणि ते ऐकून ती आणखी कावरीबावरी व्हायची. तुम्ही फळ्यावर आकडे मांडलेत. एकंदर शंभर अर्जांमागे पाच जणांनाही जागा मिळत नाही. अर्लीमध्ये हे प्रमाण जास्त दिसतं, पण त्यात खेळाडू म्हणून आधीच हेरलेली मुलं असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, तेव्हा तो आकडा तुझा म्हणून धरू नकोस. निकाल तीन तऱ्हेचा: हो, नाही, किंवा पुढे ढकललं. ढकललं तर जानेवारीतल्या अर्जांबरोबर परत विचार होतो आणि मार्चअखेर कळतं. हे सगळं खरं खरं ऐकल्यावर पोरगी त्या दिवशी पोटभर जेवली.

आणि निकालाआधी बाकीचे अर्ज पुरे करायचे, हा तुमचा हट्ट! डिसेंबरच्या मध्याला नकार आला आणि बहुतेक ठिकाणच्या मुदती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, तर मधल्या दोन आठवड्यांत रडत रडत निबंध कसे लिहिणार? म्हणून नोव्हेंबरातच ते लिहून घेतलेत. जेईईचा फॉर्म भरायला लावलात. कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षा तर तुम्ही अशी सांगितलीत की आता तीच तिची पहिली पसंती होते की काय असं वाटायला लागलंय. दुपारी तिला अकरावीच्या मुलींना संख्याशास्त्र शिकवायला बसवता, तेही मला कळलं का ते. त्या तासाभरात ती फोनला हात लावत नाही.

तुमच्या निवृत्तीला फार दिवस राहिले नाहीत. लुगडं, नारळ तुम्ही घेणार नाही, ते विचारून झालंय. निकाल कळला की कितीही वाजले असले तरी फोन करायचा, असं तुम्ही बजावलंय, तेव्हा करूच. काहीही लागला तरी पूर्वपरीक्षेचे गुण आले की बाकीच्या विद्यापीठांना मिड-इयर रिपोर्ट, म्हणजे वर्षाच्या मधल्या गुणांचा कागद, जायचाच आहे. शिक्क्याची शाई मी आणून ठेवलीय. ह्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय, आणि राजापुरी हळद पाठवलीय. तिला मात्र नाही म्हणू नका.

तुमची,
बारावी सायन्समधल्या तुमच्या विद्यार्थिनीची आई
विश्रामबाग, सांगली