फ्रेमवाल्याकडे अडकलेली चित्रे

मा. संपादक,
स. न.

चित्रकार एम. एफ. हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटींना गेले, तेव्हापासून भेटेल तो मला विचारतो, “काय सर, चित्रांना भाव आलाय म्हणे?” शहापुरातल्या निवृत्त ड्रॉइंग मास्तराने यावर काय सांगावे? मी त्यांना आमच्या फ्रेमवाल्याच्या दुकानात घेऊन जातो.

तिथे मागच्या भिंतीला अकरा चित्रे टेकून उभी आहेत. माउंट कापले, काच बसली, पाठीमागे खडूने नावही घातले. न्यायला कोणी आले नाही. त्यांतली दोन माझी. एका नव्या हॉटेलाने सांगून करून घेतली होती. मग फोन आला, “सर, सध्या थांबूया. धंदा नाही.” (झुंबर मात्र लागले. मी पाहून आलो.) फ्रेमवाला म्हणतो, “म्हाताऱ्याचा फोटो उधारीवर का होईना, नेतात सर. चित्र तेवढं राहतंय बघा.”

लिलावाच्या आकड्यांवर जाऊ नका. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी बँक बुडाली आणि त्याच संध्याकाळी लंडनमध्ये डेमियन हर्स्ट या ब्रिटिश कलावंताच्या कलाकृतींचा लिलाव सुरू झाला. दोन दिवसांत ११ कोटी पौंडांहून जास्त जमले! समकालीन कलेचे भाव कोसळले ते त्यानंतर. आमच्याकडे उलटे. घरखर्चाला कात्री लागली की पहिला नंबर भिंतीवरच्या चित्राचा, आणि त्याची बातमी होत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चित्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बरे झाले, पण जीएसटी भरावा लागेल एवढी विक्री आमच्यापैकी किती जणांची होते?

याच बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णी यांनी शिकवले, चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली घडले. तेव्हा गावाला चित्रातले कळत नाही, असे मी म्हणणार नाही. पण वास्तुशांतीला जाताना आपण अजून भिंतीवरचे घड्याळच नेतो. माझ्या भाच्याच्या नव्या घरात चार जमली, चारही वेगळी वेळ दाखवतात. तेवढ्याच पैशांत एखाद्या होतकरू पोराचे छोटे जलरंगातले चित्र येते.

माझे यळ्ळूर गडाचे चित्र आणि त्याचे जोडीदार मी या आठवड्यात स्वतःच पैसे भरून घरी आणतो आहे. राहिलेल्या नऊंचे कोणीतरी बघा.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षक, शहापूर, बेळगाव