पानं गळाली म्हणजे झाड मेलं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पानगळ झालेल्या मोसंबीच्या बागा काढून टाका’ हा सल्ला कालच्या अंकात वाचला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. लिहिणाऱ्यानं कधी बाग ताणावर सोडलेली पाहिली आहे का? आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरायचा म्हणून आम्ही दरवर्षी डिसेंबरात पाणी तोडतो. पानं पिवळी पडतात, थोडी गळतातही. जानेवारीत पाणी दिलं की तीच झाडं फुलांनी भरतात.

झाडाला मोटार नसते. पानातून वाफ उडते, तिच्या ओढीनं मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याची अखंड धार वर चढते. जमिनीत ओल उरली नाही आणि वरची ओढ चालूच राहिली, की धार तुटते, खोडातल्या पाणी नेणाऱ्या बारीक नळीत हवा शिरते आणि ती नळी निकामी होते. म्हणून झाड आधी पानांची छिद्रं मिटतं आणि तेवढ्यानं भागलं नाही तर पानं टाकतं. बुंधा वाचवायला!

हे मला उशिरा कळलं. २०१३ च्या उन्हाळ्यात आमची विहीर आटली, एप्रिलात बागेत पान राहिलं नाही. एका जाणकार म्हणवणाऱ्यानं बांधावरूनच सांगितलं, ‘वाळली, काढा.’ मी अकरा वर्षांची २४० झाडं कापली. पहिल्याच बुंध्याच्या कापावर तळहात टेकवला तर ओल लागली. तरी करवत थांबवली नाही, याची खंत आजही आहे. शेजारच्या चुलतभावानं फक्त सल, म्हणजे वाळक्या फांद्या, काढली, कापांवर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली, आळ्यात तुरीचं भुसकट पसरलं आणि झाडागणिक दोन मडकी पुरून वातीनं पाणी दिलं. जूनच्या पावसानंतर त्याच्या जुन्या लाकडाला धुमारे फुटले. सगळी नाही, पण बरीच झाडं वाचली.

बातमीसोबतचा फोटोही मोसंबीचा नाही, सागाचा आहे. साग तर चांगल्या पावसाच्या सालीही उन्हाळ्यात निष्पर्ण असतो. शेतीचं पान पूर्वी जाणत्या माणसाच्या नजरेखालून जायचं, ते का बंद केलंत?

फांदीची साल नखानं खरवडा. खाली हिरवं दिसलं तर तिथवर झाड जिवंत आहे. कृपया एवढं तरी पहिल्या पानावर छापा, आणि उद्याच छापा. आमच्या गावात दोघांनी परवासाठी जेसीबी सांगितला आहे.

आपला,
एक मोसंबी उत्पादक, जि. जालना