सातपूरचा जुना सर्व्हर शनिवारी एनआयएसमधून काढतोय

मंडळी, सातपूर ऑफिसमधला जुना सोलारिस सर्व्हर शनिवारी रात्री 10 नंतर एनआयएसमधून (सगळ्या मशीनना युजर-पासवर्डची यादी एकाच जागेवरून पुरवणारी सिस्टीम) बाहेर काढतोय. आपल्या सेटअपमध्ये वायपीकॅट (एनआयएसची यादी दाखवणारी कमांड) मारलं की सगळ्यांचे पासवर्ड हॅश, म्हणजे पासवर्डची सांकेतिक रूपं, कुणालाही दिसतात, हे असंच चालू ठेवणं मला पटत नाही.

त्या मशीनवर पुढेही काम करायचंय त्यांनी शुक्रवारपर्यंत मला कळवा, लोकल अकाउंट (फक्त त्या मशीनपुरतं) बनवून देतो, यूआयडी म्हणजे युजरचा नंबर मात्र जुनाच ठेवणार कारण फाइलवर मालकाचं नाव नसतं तर नंबर असतो आणि तो बदलला की तुमच्याच फाइली तुम्हाला परक्या होतात. होम डिरेक्टरी ऑटोमाउंटने (नेटवर्कवरून आपोआप जोडली जाऊन) येते तीही बंद होईल, तेव्हा कामाचं सगळं आधीच कॉपी करून घ्या प्लीज.

अंबड ऑफिसवाल्यांनी त्यांचा सर्व्हर स्वतः काढायचा ठरवला तर नुसतं वायपीबाइंड (मशीनला एनआयएसशी जोडून ठेवणारा प्रोग्राम) बंद करू नका, आधी एनएसस्विच फाइलमधून (युजरची माहिती कुठे शोधायची ते यात लिहिलेलं असतं) एनआयएस काढा नाहीतर लॉगिन अडकून बसतं, पासवर्ड फाइलमध्ये शेवटी अधिक चिन्हाची ओळ असेल (तीही एनआयएसमधूनच युजर घेते) तर तीही उडवा. आणि रूटचं (ॲडमिनचं) एक सेशन शेवटपर्यंत उघडं ठेवा, रात्री गंगापूर रोडवरून सातपूरला पळावं लागलंय मला एकदा.