बोटुकली मोजता, तळही मोजा: मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

पावसाळा लागला की मराठवाड्यातल्या धरणांत किती लाख बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) सोडली, याचे आकडे छापून येतात. ती ज्या पाण्यात सोडली त्याच्या बुडाशी काय उरले आहे, ते कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. हे पत्र त्या बुडाबद्दल आहे.

समुद्रासाठी राज्याने १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवली आणि २०२३ मध्ये ५४ जातींची किमान लांबी ठरवून दिली. चांगलेच केले. गोदावरी, पूर्णा, सिंदफणा, मांजरा यांच्या डोहांनाही तेवढीच आस्था हवी.

मासा पाण्यात राहतो असे आपण म्हणतो, पण बहुतेक मासे तळाच्या भरवशावर राहतात. शिंगाळा उन्हाळ्याच्या अखेरीस तळाच्या वाळूत-मातीत उथळ खड्डा कोरतो, त्यातच अंडी पडतात आणि तिथेच त्यांची राखण होते. वाम दिवसा वाळूत नाहीतर दगडांच्या फटीत दडून असते. मरळीला काठची गवताळ, उथळ जागा लागते. रोहू, कटला, मृगळ यांचे वेगळेच आहे. ते साचलेल्या पाण्यात वीतच नाहीत. पुराच्या वाहत्या पाण्यात सोडलेली त्यांची अंडी कशाला चिकटत नाहीत. पाणी २७-२८ अंशांचे असेल तर १५ ते १८ तासांत फुटतात. तेवढा वेळ धार टिकली नाही, तर अंडी खाली बसतात आणि खाली गाळ असेल तर गुदमरतात.

आता वाळूचे बघा. उपसा १० जून ते ३० सप्टेंबर बंद असतो, पण शिंगाळ्याचा खड्डा त्याच्या आधीच पडलेला असतो. ऐन त्या दिवसांत नदीत वाळू खरवडणारी केनी आणि सक्शन पंप चालतात. पुराने वाळू परत येईल, या समजुतीत अर्थ नाही. गोदावरीवर पैठणला जायकवाडी धरण, त्याखाली आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल असे एकामागून एक बंधारे. वाळू तिथेच अडते आणि उपसलेला खड्डा बारीक गाळाने भरतो. तो गाळ कुजताना प्राणवायू खातो. पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. तो लिटरला २-३ मिलिग्रॅमवर आला की मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. शिवाय वाळूच्या थरात ३० ते ४० टक्के पोकळी असते. त्यात मुरलेले पाणी झिरपत राहते, म्हणून डोह मे महिन्यातही जिवंत राहतो. वाळू गेली की डोह मार्चातच आटू लागतो, आणि त्यात जगलेले जनक मासेही संपतात. मग दरवर्षी बीज विकत आणून सोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

जायकवाडीचा तळ वेगळा. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर. म्हणजे सरासरी खोली जेमतेम ८ मीटर. अशा पसरट तलावात पातळी थोडी उतरली तरी काठची मोठी पट्टी उघडी पडते आणि मरळीची वीण वाळून जाते. दुष्काळात ७३८ दशलक्ष घनमीटरचा मृतसाठा हाच माशांचा शेवटचा आसरा. पिण्याच्या पाण्यासाठी तो उपसावा लागतो, हे आम्हालाही मान्य आहे. पण तेवढे महिने उरलेल्या पाण्यात जाळे पडू नये आणि त्या काळाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांना माफ व्हावा. पोटाला चिमटा घेऊन डोह राखा, असे भोई समाजाला सांगता येणार नाही.

करायचे काय, तेही सांगतो. मे महिन्यात शिसे बांधलेल्या दोरीने पात्राच्या आडव्या रेषेत दर १० मीटरला खोली घ्यावी, आणि बुडाला वाळू, दगड की गाळ हे लिहून ठेवावे. जिथे २ मीटरपेक्षा जास्त पाणी टिकते तो डोह राखीव करून वाळू गटाच्या लिलावातून वगळावा. यासाठी नवा कायदा नको. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालच्या गावपातळीवरच्या समित्या आहेत, त्यांच्या नोंदवहीत हे डोह चढवावेत. पहिला मोठा पूर आला की बंधाऱ्यांची दारे निदान दोन दिवस उचललेलीच ठेवावीत. यासाठी आपण जलसंपदा खात्याशी बोलावे. जिऱ्याऐवजी (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलांऐवजी) ८० ते १०० मिलिमीटरची बोटुकली सोडावी आणि पिशवी १५-२० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून मगच तोंड उघडावे, नाहीतर तापमानाच्या फरकानेच बरीच मरतात. सायप्रिनस (कॉमन कार्प) हा मासा नदीशी जोडलेल्या जलाशयात सोडू नये; तो अन्नासाठी तळ उकरतो आणि पाणी गढूळ करतो. मच्छरदाणीच्या जाळ्यांवर बंदी हवीच.

सुरुवात पैठण ते विष्णुपुरी या पट्ट्यापासून करावी. मोजणी येत्या मे महिन्यात, वाळू गटांचे पुढचे लिलाव निघण्याआधी व्हावी. मोजायला बोटी आणि माणसे काठच्या संस्थांकडे आहेत. आपल्या खात्याकडून लेखी आदेश आणि नोंदीचा एकसारखा नमुना तेवढा हवा.

आपले,
गोदाकाठचे मत्स्य अभ्यासक व मच्छीमार