दोन डोंगर, मधे सूर्य

मा. संपादक,
स.न.वि.वि.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने 2026-27 पासून शाळेत तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून देण्याचे जाहीर केले आहे. त्यावर बोलणारा प्रत्येक जण 'मुलांची सर्जनशीलता जपली पाहिजे' हे वाक्य उच्चारतो आणि पुढे जातो. मी एटीडी (कलाशिक्षक पदविका) करून सिंधुदुर्गातल्या माध्यमिक शाळांत 31 वर्षे चित्रकला शिकवली. त्या वाक्याशी माझा रोजचा संबंध होता, म्हणून हे पत्र.

गेल्या जुलैतली गोष्ट. शेजारची सहावीतली मुलगी आईचा मोबाइल घेऊन आमच्या पडवीत आली. शाळेने प्रकल्पासाठी 'कोकणातला पाऊस' हे चित्र मागितले होते. तिने मोबाइलला तोंडी सांगितले आणि अर्ध्या मिनिटात चित्र हजर झाले. हिरवे डोंगर, धबधबा, लाल कौलांचे घर, छत्रीवाली बाई, पुढे पाण्यात होडी. दिसायला देखणे होते. "बाई, याची रंगीत प्रिंट खंय गावात?" कुठे मिळेल, असे तिने विचारले.

मी म्हटले, प्रिंट काढू मागाहून. आधी मला सांग, तुमच्या घरी पाऊस कुठे दिसतो? तिला प्रश्नच कळला नाही. मग जरा वेळाने मला हाताला धरून त्यांच्या घराच्या मागच्या दारी घेऊन गेली. कौलांवरून पागोळ्या गळत होत्या आणि खाली मातीत खड्ड्यांची सरळ रांग पडली होती. "हयसर बघा, एकेका कौलाचो एकेक खड्डो." मी वाकून पाहिले. खड्ड्यातली माती वाहून गेली होती आणि तळाशी धुतलेले बारीक खडे तेवढे उरले होते. कोपऱ्यातला खड्डा इतरांपेक्षा मोठा होता. का, ते तिनेच वर बोट दाखवून सांगितले: तिथले कौल फुटले आहे, दोन कौलांचे पाणी एकाच जागी पडते. जोत्यावर एक कोंबडी पिसे फुलवून, एक पाय पोटाशी घेऊन उभी होती.

तिने तेच काढले. घर नाही, डोंगर नाही, छत्री नाही. कागदाच्या वरच्या कडेला कौलांची टोके, खाली खड्ड्यांची रांग, त्यातला एक मोठा, आणि कोंबडी. तास-दीड तास लागला. कोंबडीचा पाय जमेना, तिथे खोडून खोडून कागद विरला. माझ्या सगळ्या नोकरीत पावसाची इतकी खरी चित्रे मी मोजकीच पाहिली आहेत.

शाळेतून ते परत आले. शेरा होता: 'विषयाला धरून नाही. घर, झाडे दाखव.' तिने मग मोबाइलमधले चित्र छापून दिले आणि ते फलकावर लागले.

हा शेरा देणाऱ्यांना दोष देऊन मला मोकळे व्हायचे नाही, कारण नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही हेच केले आहे. निसर्गचित्र म्हटले की दोन त्रिकोणी डोंगर, मधे अर्धा सूर्य, तिथून निघून खाली रुंद होत जाणारी नदी, काठावर झोपडी, आकाशात मराठी चार आकड्यासारखे पक्षी. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत जा, हे चित्र भेटते. आमच्या वर्गाच्या खिडकीतून सह्याद्रीची लांबच लांब निळी रांग दिसे. ती एकाही मुलाच्या चित्रात नसे आणि मीही वर्षानुवर्षे 'खिडकीबाहेर बघा' असे म्हटले नाही. फळ्यावर दोन डोंगर काढून दिले, मुलांनी उतरवून घेतले, मी दहापैकी आठ गुण दिले.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असतो. आपण पाहिलेला बाजार, एसटीचा थांबा, विहिरीवरची गर्दी आठवून काढायची. फार सुंदर कल्पना आहे ही. प्रत्यक्षात पुष्कळ मुले तीन-चार माणसे पाठ करून येतात: छत्रीवाला, टोपलीवाली, सायकलवाला. तीही पाठमोरी, म्हणजे चेहरा काढायला नको. विषय कोणताही येवो, तीच माणसे कागदावर उतरतात. निबंधाचेही तसेच. 'मी मुख्याध्यापक झालो तर' गाईडमधून पाठ. सगळ्या वर्गाचा आवडता ऋतू पावसाळा आणि सगळ्यांच्या निबंधात मोर नाचतो. त्यांतल्या कितींनी मोर नाचताना पाहिला होता, हे मी विचारायला हवे होते.

आज आपण घाबरलो आहोत ते ज्या यंत्राला, त्याचे काम नेमके हेच आहे. लाखो-करोडो चित्रे आणि मजकूर त्याला दाखवलेले असतात. 'कोकणातला पाऊस' म्हटले की त्या ढिगात जे सर्वांत जास्त वेळा एकत्र आले, त्याच्या आसपासचे ते जुळवून देते. म्हणून डोंगर, धबधबा, कौले, होडी. आमच्या शेजारच्या घराच्या मागच्या दारचा फुटक्या कौलाखालचा खड्डा त्या ढिगात नाही. तो त्या मुलीकडे आहे, आणि तिच्याकडेही तो विचारल्याशिवाय नव्हता.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आले तेव्हा यंत्र मुलांची कल्पनाशक्ती खाणार अशी ओरड झाली. माझे मत वेगळे आहे. दोन डोंगर आणि मधला सूर्य आपण फार आधीपासून मुलांच्या हातून छापून घेत आलो. आता ते काम यंत्र फुकट करते, इतकेच. तेव्हा शाळेने मुलांकडून काय मागायचे, हे बदलावे लागेल.

त्यासाठी वेळापत्रकात जागा लागते आणि ती आहे तेवढीही राहिलेली नाही. माझे कितीतरी तास डिसेंबरनंतर गणिताला आणि इंग्रजीला गेले. "बाई, तुमचा तास तेवढा द्या, पोर्शन राहिलाय," असे सहकारी हक्काने म्हणत. मीही देत असे, कारण दहावीचा निकाल सगळ्या शाळेचा असतो. मुले हिरमुसून रंगपेट्या परत दप्तरात ठेवायची. कार्यानुभवाचा तास तर कित्येक ठिकाणी वेळापत्रकावरच उरला आहे.

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत लिहिले आहे की सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक हवेत. आधीच अर्धवेळ, तेही शंभराच्या वर पट असेल तरच. आमच्या जिल्ह्यातल्या वाडीवरच्या शाळांना एवढा पट कुठून येणार? तिथल्या दोन शिक्षकांनी सगळे विषय शिकवून, माहिती ऑनलाइन भरून, वर निवडणुकीची कामे करून चित्रकला कधी घ्यायची? शासनाला तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायची असेल तर जरूर शिकवावी. पण त्याच वेळी चार-पाच लहान शाळा मिळून तरी एक कलाशिक्षक द्यावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

साहित्याला पैसे नाहीत हे कारण मला पटत नाही. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या एवढ्यावर मुलांना भूमितीचे सांगाडे करायला लावले. मी ते वर्गात केले आहे. त्रिकोण दाबला तरी हलत नाही आणि चौकोन लगेच कलतो, हे बोटांना कळल्यावर एक मुलगा धावत जाऊन शाळेच्या छपराच्या त्रिकोणी कैच्या बघून आला.

आमच्या भागात तर शाळेबाहेर केवढे पडले आहे! कुडाळला लागूनच पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथीच्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या पिढ्यानपिढ्या जपल्या. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीत पोथीतले एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगायची असते. हे बघायला शाळेच्या किती सहली जातात? सहल जाते वॉटरपार्कला. श्रावणात गावोगावच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, मुले दिवसदिवस माती मळत बसतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपतीच्या वर बांधायच्या माटवीसाठी रानातून कवंडळं, हरणं, तेरडा शोधून आणतात आणि काय कुठे बांधायचे यावर भांडतात. त्याला कुणी गुण देत नाही, म्हणून ते शिक्षण नव्हे असे आपण धरून चाललो आहोत.

मोबाइल मुलांच्या हातातून काढून घ्या, असे मी म्हणत नाही. त्या मुलीला मी नंतर सांगितले, तुझे चित्र आणि त्याचे चित्र शेजारी ठेव आणि त्याच्या चित्रात काय चुकले ते शोध. तिने पाच चुका काढल्या. पहिली चूक ही की छपराला पागोळ्याच नाहीत.

पहिली ते आठवीसाठी शासनाचा 'आनंददायी शनिवार' उपक्रम आहे. शनिवारी सकाळची शाळा असते. कुडाळ तालुक्यातल्या ज्या लहान शाळेला हवे असेल तिथे त्या दिवशी विनामोबदला येऊन तास घ्यायची माझी तयारी आहे. एसटीने येईन. कागद आणि पेन्सिली मी आणीन. मुलांना तासातली पहिली पंधरा मिनिटे वर्गाबाहेर जाऊ द्यावे आणि काढलेल्या चित्रांवर शेरा लिहू नये, इतकेच शाळेकडून हवे आहे.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग